एकच ओळ दोनदा

“एकच ओळ दोनदा का म्हणता हो?” प्राचार्य भीमाचार्यांनी विचारलं.

उमाकांत गडबडला. पदार्थविज्ञानाचा हा तरुण प्राध्यापक शनिवारी संध्याकाळी कॅन्टोन्मेंटातल्या एका हॉटेलात गिटार घेऊन ब्लूज गातो, हे कॉलेजात कुणाला माहीत नाही, असं तो आज दुपारपर्यंत समजत होता. मग प्रयोगशाळेत शिपाई दामोदर त्याच्या कानाशी लागला. “तुम्हाला गाताना कुणीतरी ऐकलंय. प्राचार्यांनी बोलावलंय.” नोकरीत कायम करायचा ठराव लवकरच समितीपुढे यायचा होता. आणि त्या हॉटेलात दारू मिळायची.

“तशी रीतच आहे, सर,” तो म्हणाला. “अमेरिकेतल्या काळ्या मजुरांची गाणी ही. पहिल्यांदा आपलं दुःख लोकांना सांगायचं. दुसऱ्यांदा तेच म्हणताना ते आपल्याला ऐकू येतं. मग तिसऱ्या ओळीत उत्तर सुचतं.”

“नाहीच सुचलं तर?”

“तर परत पहिल्यापासून.”

भीमाचार्यांनी मान हलवली. कपाळावर अंगाऱ्याची रेघ, गळ्याशी बंद कोट. बाहेरची कॉफीही ते कधी घेत नसत. तरी त्यांचे प्रश्न संपेनात. बरोबर कोण वाजवतं? ही गाणी शिकलात कुठं? पावसाळ्यात हॉलच्या खिडक्या लावून घेतात का? असल्या चौकशीत खिडक्यांचं काय काम, ते उमाकांतला कळेना.

“म्हणून दाखवा की स्वल्प.”

टेबलावर बोटांनी ठेका धरत उमाकांतनं एक कडवं म्हटलं. बाई गेली, पण नवरा अजून तिचं ताट मांडतो, असं गाणं होतं. सुरुवातीला आवाज कापला, मग लागला. भीमाचार्य तोंड फिरवून बाहेर बघत राहिले. गाणं संपलं तरी वळले नाहीत.

एवढा किळसवाणा वाटला का आपला सूर? उमाकांतच्या मनात आलं. फळ्यावर लाटांचं समीकरण मांडताना त्याला जो आनंद व्हायचा, तोच गाताना व्हायचा. दोन्हींतलं काय जास्त आपलं, हे त्यानं स्वतःला कधी विचारलं नव्हतं. आता विचारायला सवडही नव्हती.

“सर, समितीकडे तक्रार जाऊ देऊ नका,” तो म्हणाला. “मी आजच हॉटेलात निरोप देतो. गाणं बंद. पुन्हा तिथं पाऊल टाकणार नाही.”

भीमाचार्य वळले. त्यांचे डोळे लाल झाले होते.

“तक्रार? कुणाची तक्रार?”

“कुणीतरी मला ऐकलं म्हणे.”

“मीच ऐकलं.” त्यांनी चष्मा काढला, पुन्हा चढवला. “माझी बायको अनुसूया गेली, तेव्हापासून संध्याकाळी घरात बसवत नाही. चालत सुटतो. एका शनिवारी तुमच्या हॉटेलच्या कुंपणाशी थांबलो. भाषा इंग्रजी, चाल कधी न ऐकलेली. मी विचार केला, माझं हे या लोकांना कुणी सांगितलं? मग दर शनिवारी तिथंच उभा राहतो. तेवढंच विचारायला बोलावलं होतं तुम्हाला.”

उमाकांतनं खुर्ची त्यांच्याजवळ सरकवली.

“पण तुम्ही बंद म्हणता,” भीमाचार्य हळूच म्हणाले. “मग शनिवारी मी जायचं कुठं?”