पाण्याखालचे ठोके

डॉक्टरांनी तिला पोहायला सांगितलं, तेव्हापासून नवऱ्याने तिच्या छातीला ठोके मोजणारा पट्टा बांधला. काळजीपोटी, दिवसभर. आकडे त्याच्या मोबाइलवर उमटायचे.

"अकरा वाजता एकदम शंभर? कोणाशी बोलत होतीस?" ऑफिसातून फोन यायचा.

पाण्याखाली मात्र सिग्नल तुटायचा. म्हणून ती बुडी मारायची आणि दम पुरेल तेवढा वेळ तळाशी बसून राहायची.

वाढदिवसाला त्याने नवा पट्टा आणला. "हा पाण्याखालचे ठोकेही साठवून ठेवतो. वर आलीस की सगळं माझ्याकडे."

आठवड्याने त्याने मोबाइल तिच्यापुढे धरला. "मी घरात पाऊल टाकलं की एकशे पंधरा. आणि पाण्याखाली अठ्ठावन्न!"

ती एक पाऊल मागे सरकली.

"खरं सांग, कोण असतं तिथे तुझ्याबरोबर?"