पुन्हा ताईच

हॉस्पिटलचा जिना चढताना धाप लागली, तशी ताई वळणावर थांबली आणि चपलेचा पट्टा सारखा करायचं नाटक करू लागली.

"लिफ्टनं यायचं ना, ताई," मागून येणारी भावजय म्हणाली.

"शिलाई मशीनवर बसून बसून गंजलेय गं. होऊ दे जरा व्यायाम."

धाकट्या भावाला रक्ताचा कॅन्सर झाला, तेव्हा ताईनंच त्याला आपल्या मूळपेशी दिल्या होत्या. तेव्हापासून त्याच्या अंगात तिचंच रक्त तयार होत होतं. "हल्ली मला तुझ्यासारखा राग येतो," असं तो तिला चिडवायचा. बरे दिवस आले म्हणता म्हणता कॅन्सर पुन्हा उभा राहिला.

आता एकच उपाय उरला होता. रोगाशी लढणाऱ्या पेशी रक्तातून काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांना कॅन्सर ओळखायला शिकवायचं आणि पुन्हा अंगात सोडायच्या. धाकट्याच्या रक्तात तशा पेशी फारशा उरल्याच नव्हत्या. त्यातच डॉक्टरांनी ताईला बोलावलं. म्हणजे पेशी पुन्हा ताईनंच द्यायच्या, हे नणंद-भावजयींनी ठरवूनच टाकलं.

ताईला वेगळाच घोर लागला होता. तब्येतीत खोट निघाली आणि आपल्याला परत पाठवलं तर? दंडावरचे काळेनिळे डाग झाकायला तिनं भर उन्हाळ्यात लांब बाह्यांचा शर्ट घातला होता.

"थकवा येतो?" डॉक्टरांनी विचारलं.

"छे! दिवसभर मशीन मारते."

"हिरड्यांतून रक्त?"

"नाही बाई." सकाळीच तिनं बेसिनमधलं रक्त नळ सोडून घालवलं होतं.

"वजन उतरलंय?"

"उतरेल तर शप्पथ!"

डॉक्टर हसल्या नाहीत. ताईचा धीर सुटला. तिनं हात टेबलावर पसरला. "घ्या ना, डॉक्टर. हव्या तेवढ्या घ्या. पाया पडते तुमच्या. आई गेल्यापासून मीच वाढवलंय त्याला. त्याच्याशिवाय मी जगून काय करू?"

भावजयीला हुंदका आवरेना.

डॉक्टरांनी दार लोटलं आणि खुर्ची ओढून त्या ताईजवळ बसल्या.

"पेशी घ्यायला नाही बोलावलं तुम्हाला."

ताईनं पसरलेला हात मागे घेतला. "म्हणजे... तो हाती लागत नाही?"

"त्याचा जुना कॅन्सर परत आलेलाच नाही, ताई. आम्ही दोनदा तपासलं. या वेळी ज्या पेशींना कॅन्सर झालाय, त्या पुरुषाच्या नाहीत, बाईच्या आहेत."