चिठ्ठीत निघालेली आई

“ताई, गाडी वाडीपाशी येऊन थांबलीय. बाळाला घ्या आणि बसा,” समीक्षा तिसऱ्यांदा म्हणाली.

“नाय,” रोशनी म्हणाली.

गाडी नव्हती आणि वाडीही नव्हती. नवीन पनवेलमधल्या एका संस्थेचा दुसऱ्या मजल्यावरचा वर्ग होता, आणि रोशनीच्या मांडीवर ओढणीत गुंडाळलेली पाण्याची बाटली होती. आदिवासी वाड्यांवर काम करायला निघालेल्या चौदा मुलामुलींचं तिथं प्रशिक्षण चाललं होतं. आजचा धडा मन वळवण्याचा. अविनाश सरांनी चिठ्ठ्या टाकल्या. खांदा कॉलनीतल्या समीक्षाच्या चिठ्ठीत कार्यकर्ती निघाली. रोशनीच्या चिठ्ठीत निघाली गोदू, म्हणजे तापानं फणफणलेल्या मुलाला दवाखान्यात न्यायला तयार नसलेली कातकरी आई. कार्यकर्तीनं तिला दहा मिनिटांत तयार करायचं. आईनं थोडे आढेवेढे घेऊन शेवटी हो म्हणायचंच असतं, नाहीतर धडा पुढे सरकत नाही.

रोशनी पवार स्वतःच कातकरी आहे, हे वर्गात कुणाला ठाऊक नव्हतं. आडनावावरून कळण्यासारखं नव्हतं. आश्रमशाळेनं आणि पुढे कॉलेजनं तिची भाषा घासूनपुसून इतकी लख्ख केली होती की ती पुण्याची आहे असंच सगळे धरून चालले होते. आपण काही लपवलेलं नाही, विषयच कधी निघाला नाही, अशी ती स्वतःची समजूत घालायची. त्यामुळे तिच्या तोंडून ते ‘नाय’ निघालं तेव्हा मागच्या बाकावरचा हितेश खुसखुसला. सरांनीही कौतुकानं मान डोलावली. पोरीनं बोली काय झकास उचलली होती!

खरं तर ही भूमिका रोशनीला तोंडपाठ होती. नेरे गावाच्या वर, शहरातल्या लोकांच्या फार्महाउसांपलीकडे डोंगराच्या अंगाला त्यांची वाडी. ती आठ वर्षांची असताना तिच्या धाकट्या भावाला, रामूला, असाच ताप आला होता. खालून नर्सबाई गाडी घेऊन आल्या. पाऊण तास विनवण्या करत राहिल्या. आई झोपडीच्या दारात रामूला घेऊन बसली आणि तो एकच शब्द म्हणत राहिली. गाडी रिकामी गेली. तिसऱ्या दिवशी रामू गेला.

रोशनीनं आईला माफ केलं नाही. सुट्टीत घरी आली की एकदा तरी विषय काढायचीच. तुझ्या अडाणीपणानं मेला तो, असं तोंडावर म्हणायची. आई ऐकून घ्यायची आणि तिच्या ताटात खेकड्याचं कालवण आणखी थोडं वाढायची. गेल्या वर्षी आईही गेली. रोशनी मातीला गेली, पण तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. अशा आयांची मनं वळवायची, म्हणूनच ती या प्रशिक्षणाला आली होती.

समीक्षा बिचारी शिकवल्याबरहुकूम सगळं करत होती. खुर्ची सोडून जमिनीवर बसली होती, आवाज खाली आणला होता. उपचाराला पैसे पडत नाहीत म्हणाली. डॉक्टर स्वभावानं चांगले आहेत म्हणाली. सुईची भीती वाटते का, भगताकडे न्यायचंय का, असंही विचारून झालं. रोशनी मान हलवत होती. मग नवऱ्याला विचारायचंय का, असं समीक्षानं विचारलं.

“त्यो भट्टीवर हाय. वाडीत कोन नाय. समदी भट्टीवर गेली.”

हे चिठ्ठीत लिहिलेलं नव्हतं. रोशनीच्या तोंडून ते आपसूक आलं, आणि दिवाळीनंतरची ती वाडी तिच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. माणसं बिऱ्हाड उचलून वीटभट्ट्यांवर गेलेली. बंद दारांना काटेरी फांद्या लावलेल्या. रामू आजारी म्हणून मागे राहिलेलं एकच घर. इतक्या वर्षांत हे चित्र तिला एकदाही आठवलं नव्हतं. तिला आठवायचं ते फक्त आईचं ‘नाय’.

दोन मिनिटं राहिली, असं सरांनी सांगितलं. समीक्षा घाईला आली.

“हे बघा, गाडीत पेशंटबरोबर एकच जण चालतो. तुम्हीच चला. चार-पाच दिवसांचा तर प्रश्न आहे.”

नर्सबाई हेच म्हणाल्या होत्या.

समीक्षानं हातातल्या फॉर्मवर नजर टाकली आणि त्यातला एक प्रश्न विचारला. “घरी आणखी कोण असतं?”

हा प्रश्न नर्सबाईंनी विचारला नव्हता. रोशनीनंही आईला कधी विचारला नव्हता.

“पोरगी हाय,” ती म्हणाली. “आठ वर्साची. तुमी एकच मानूस घेता. तिला या रिकाम्या वाडीत कोनाच्या भरवशावर टाकू? फार्महाउसवरची मानसं दारू पिऊन हितनं फिरतात.”

आता कुणी हसलं नाही. सरांनी घड्याळ थांबवलं. रोशनीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. रामू गेला तेव्हा ती ढसाढसा रडली होती, पण हे रडणं रामूसाठी नव्हतं.

समीक्षाला मात्र आपला धडा पुरा करायचा होता. ती आणखी जवळ सरकली.

“मग ताई, हे आधीच का नाही सांगितलंत? इतका वेळ नुसतं नाही नाही म्हणत राहिलात.”

रोशनीनं मान वर केली नाही.

“कसं सांगू?” ती म्हणाली. “पोरगी पाठीशीच उबी हाय. ती ऐकंल.”