उस्तादचा रिव्हर्स

दोन रिकाम्या डब्यांच्या मधे गाडी मागे घ्यायची होती, आणि उस्तादने ठरवून डावा डबा आडवा केला.

"परत घ्या," शेजारी बसलेल्या ड्रायव्हिंग स्कूलच्या मॅडम म्हणाल्या.

आता या माणसाला काय म्हणावं! बारा वर्षं दहा चाकांचा ट्रक हाकतोय. ट्रकवाल्यांत याला उस्ताद म्हणतात ते उगाच नाही. पण मॅडमना एकदा पाहिलं आणि पठ्ठ्याने थेट नाव नोंदवलं, गाडीतलं ओ की ठो कळत नाही असं सांगून. तेव्हापासून रोज चुकतोय. शिकून झालं की मॅडम दिसायच्या बंद, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं.

"माझ्याकडे कुणी इतकं अडलं नव्हतं," मॅडम म्हणाल्या. "माझंच काहीतरी चुकत असणार."

त्याला वाईट वाटलं. तरी उजवा डबा पाडलाच.

मॅडमनी उतरून डबे उभे केले. कोपऱ्यावर टॅक्सीवाले चहा पीत उभे होते. त्यांतला एक म्हणाला, "मॅडम, यांना चालत घरी पाठवा. तेवढं तरी जमतंय का बघा."

बाकीचे खिदळले. उस्तादच्या तळपायाची आग मस्तकात गेली. प्रेमबीम सगळं गेलं उडत. मॅडम आत बसतात न बसतात तोच त्याने एका हाताने स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी एका दमात दोन डब्यांच्या मधोमध नेऊन लावली. टॅक्सीवाले चहा प्यायचे थांबले. उस्तादची छाती फुगली, आणि मग त्याला कळलं, आपण काय करून बसलो.

मॅडमनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "बघितलंत? मी शिकवलंय." मग त्याच्याकडे वळल्या. "झालं तुमचं. उद्यापासून यायची गरज नाही."

"रिव्हर्स अजून कच्चा आहे, मॅडम."

"काहीतरीच काय. असा मलासुद्धा जमत नाही."

खरं काय ते सांगून टाकावं, असं अगदी त्याच्या ओठांवर आलं. पण मॅडम इतक्या खुशीत होत्या की त्याने ते पोटातच ठेवलं.

"बिनधास्त चालवा आता," त्या म्हणाल्या. "फक्त त्या ट्रकवाल्यांपासून जपून. त्यांना कुणी शिकवलंय, देव जाणे."

उस्ताद दार उघडून खाली उतरला.

"खरंय मॅडम," तो म्हणाला. "त्या बिचाऱ्यांना तुम्ही कुठे भेटलात."