पहिल्या नंबरची चिठ्ठी

"माह्या बैलाहून हळू चालते तुहा कॉम्प्युटर, पोरी!" बैलबंडीनं कापूस आणणारे भैय्याजी रोज कुरकुरत. आर्वीजवळच्या जिनिंगात, म्हणजे कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्यात, आलेल्या बंड्यांना नंबर देणारी हर्षा म्हणे, "चुकलं तर मांगं जाता यावं म्हणून जुनंही जपून ठेवते तो. वेळ लागणारच." आज मात्र कालच्या नोंदी काढून टाकताना तिच्या हातून नकळत आजचे नंबर, वजनं सगळं पुसलं गेलं. मोजलेला कापूस ढिगात मिसळलेला, पुन्हा मोजणं अशक्य. नंबर पुन्हा एकपासून सुरू झाले आणि नंतर आलेल्या भैय्याजींना पहिल्या नंबरची चिठ्ठी मिळाली. त्यांनी फाटकापर्यंतची रांग पाहून चिठ्ठी खिडकीतून परत सरकवली. "मी तं आत्ता आलो. मले पहिला काऊन?" आता चूक कळून हादरलेल्या हर्षानं कॉम्प्युटर चुकीआधीच्या घडीवर नेला. सगळे नंबर, वजनं परत आली, भैय्याजींचा नंबर तेवढा शेवटी गेला. तिनं हात जोडले. रांगेच्या शेवटाकडे बैल वळवत भैय्याजी म्हणाले, "चालू दे हळूहळू तुहा कॉम्प्युटर. माह्या बैलाइले मांगं फिराले जास्त टाइम लागते."