खिडकीतल्या काळ्या बाटल्या

"चुकून गटाराचं पाणी भरलं, एवढंच म्हणायचं. पाहुण्यांसमोर," साहेबांनी शिवणवालीला सांगितलं, आणि नजर मात्र तिच्या नवऱ्यावर ठेवली. नवरा साहेबांच्याच हाताखाली पाण्याच्या टाकीवर पंप चालवायचा.

नळाशेजारच्या भिंतीवर आज वरून येणाऱ्या पाहुण्यांच्या हस्ते 'शुद्ध पाणी' अशी पाटी ठोकायची होती. नवी कोरी पाटी टेबलावर ठेवलेली. आणि समोर खिडक्याखिडक्यांत काळ्या पाण्याच्या बाटल्या मांडलेल्या. काय पण शोभा!

त्या बाटल्या शिवणवालीनेच वाटल्या होत्या. आत औषध असायचं. नळाचं पाणी भरून दोन दिवस ठेवायचं. पाण्यात मैला मिसळला असला की ते काळं पडायचं. देशातल्या कितीतरी वस्त्यांमधल्या बायका असंच पाणी तपासून मोबाइलवरून कळवत होत्या, कारण सरकारी कागदावर सगळीकडचं पाणी केव्हाच शुद्ध झालं होतं. शिवणवालीला कागदाशी घेणंदेणं नव्हतं. तिची मुलगी वर्षात दुसऱ्यांदा काविळीने अंथरुणाला खिळली होती.

सासूबाईंना मात्र ही नसती उठाठेव वाटायची. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! मुलाची नोकरी गेली तर बाटल्या चाटत बसायचं का? सूनच घाईघाईत गटाराकाठी बाटल्या भरते, धड हातसुद्धा धूत नाही, हे त्यांनी अख्ख्या गल्लीला ऐकवलं होतं. साहेबांच्या कानावर गटार गेलं ते तिथूनच.

"मी नळाचंच भरलं," शिवणवाली म्हणाली. ती हटली नाही. "खोटं बोलणार नाही."

उद्यापासून कामावर यायचंय ना, असं साहेबांनी पंपवाल्याला विचारलं. त्याने बायकोकडे पाहिलं आणि मान खाली घातली. साहेबांपेक्षा तिला त्याचाच जास्त राग आला.

पाहुण्यांची गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबली, आणि नेमक्या तेव्हाच सासूबाई घरातून बाहेर आल्या. साहेबांचा चेहरा खुलला. घरचंच माणूस साक्षीला मिळालं की! आजी, तुम्हीच सांगा आता, म्हणत त्यांनी स्वतःची खुर्ची पुढे केली. सुनेने तोंड फिरवलं.

सासूबाई बसल्या नाहीत. त्यांनी शालीखालून एक बाटली काढली आणि टेबलावरच्या पाटीवर ठेवली. तीही काळीच होती.

"पोराला काढायचं तर खुशाल काढा, साहेब," त्या म्हणाल्या. "सुनेला खोटं पाडायचं म्हणून ही मी भरली होती. साबणाने हात धुऊन, घरच्या नळाखाली."