उर्वशीचं दार

बाजारातल्या स्वच्छतागृहात "तू कुठली बाई?" म्हणत बाया उर्वशीला रांगेतून हाकलायच्या, म्हणून तृतीयपंथीयांसाठी वेगळं बांधा, असे अर्ज तिनं सहा वर्षं केले. इतके, की नगरपरिषदेचा शिपाई तिला पाहताच आपणहून शिक्का काढून ठेवायचा. शेवटी ते झालं. फीत तिनंच कापली, पैठणी नेसून, जणू स्वतःचा बंगलाच बांधला होता.

पुढच्या बाजाराला ती ऐटीत गेली, तर दारव्ह्याहून आलेल्या जीपमधून उतरलेल्या अनोळखी बाया नळाला पाणी पाहून तिच्याच दारात रांग लावून उभ्या. "हे माह्यं हाये, सरका," म्हणत ती पुढं घुसली.

एका म्हातारीनं तिला दंडाला धरून मागं ओढलं, "काहून घुसून राह्यली व बाई? आमीबी तुयासारख्या बायाच आहो. लाग मांगं!"


उर्वशी गुमान रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. सहा वर्षांच्या अर्जांत नेमकं हेच मागायचं राहून गेलं होतं.